लिब्रेऑफिससाठी पहिला पॅच: बिल्डपासून मर्जपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं, लॅपटॉपला आठ जीबी रॅम आहे. लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये काहीतरी करायचं आहे. सोर्स उतरवला, पण बिल्ड (सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) तीनदा मध्येच बंद पडला. गिटहबवर पुल रिक्वेस्ट पाठवायला गेलो तर तिथे कुणी घेत नाही. सोपे म्हणून नोंदवलेले बग बघितले तर बऱ्याच बगांवर आधीच कुणाचं तरी नाव. नेमकी सुरुवात कुठून करू, आणि माझ्या मराठीचा इथे काही उपयोग आहे का?

सुरुवात बिल्डपासूनच कर, पण सोर्समधलं एक अक्षरही न बदलता. उतरवलेला सोर्स तुझ्या मशिनवर जसाच्या तसा पूर्ण बनतो, त्याच्या टेस्ट पास होतात आणि बनलेला रायटर (त्यातला वर्ड प्रोसेसर) उघडतो, हे स्वतः बघेपर्यंत बग हातात घेऊ नकोस. मी बारा वर्षं या कोडमध्ये आहे. नव्या मुलामुलींचे जे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, अर्ध्यावर सुटलेले बघते, त्यातले बरेचसे इथेच अडकलेले असतात. आधी बदल केला, मग बिल्ड फुटला, आणि फुटला तो बदलामुळे की मशिनमुळे, हे कळायला मार्गच उरला नाही.

तुझा बिल्ड का बंद पडतो याचा मला अंदाज आहे. टर्मिनल थोडं वर सरकवून बघ. कुठेतरी ‘किल्ड’ असा शब्द दिसेल आणि त्याच्या आधी कोडमधली कुठलीच चूक दाखवलेली नसेल. रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतं, ती इथे कंपायलरची निघाली. ‘डीमेसेज’ चालवलंस तर मेमरी संपल्याची नोंदही सापडेल. हा बिल्ड, तू काही सांगितलं नाहीस तर, मशिनला जितके कोअर तितक्या फाइली एकाच वेळी कंपाइल करायला घेतो. आठ कोअर असतील तर आठ कंपायलर एकदम सुरू. सी प्लस प्लसची जड फाइल एकटीच एखादा जीबी सहज खाते. शेवटी लिंकिंगच्या वेळी तर भूक आणखी वाढते. आठ जीबीत हे मावणार नाही.

म्हणून सोर्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘ऑटोजेन डॉट इनपुट’ नावाची साधी टेक्स्ट फाइल बनव. बिल्डचे सगळे पर्याय तिच्यात लिहायचे, एका ओळीत एक. त्यात ‘विथ पॅरॅललिझम’ला दोन दे. जावाशिवाय बिल्ड करण्याचा पर्याय लिही; तुझ्या पहिल्या कामाला जावा लागणार नाही आणि तेवढी झंझट कमी होईल. डीबग बिल्ड हवाच, पण डीबगची माहिती सगळ्या मॉड्यूलसाठी बनवलीस तर डिस्क आणि रॅम दोन्ही संपतील. ‘एनेबल सिम्बॉल्स’ या पर्यायाला फक्त तुला लागणारं मॉड्यूल देता येतं. रायटरवर काम करायचं असेल तर एवढ्यापुरतं ‘एसडब्ल्यू’ लिही. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) किमान आठ जीबी ठेव. डिस्कवर पन्नास जीबी मोकळे असू दे.

सीकॅश आधी टाक. इथे जागा वाचवायची नाही, त्याच्या साठ्याची मर्यादा वाढवून वीस-तीस जीबी कर. एकदा कंपाइल झालेली फाइल बदलली नसेल तर सीकॅश ती साठ्यातून काढून देतं, त्यामुळे ब्रँच बदलून परत आलास तरी रात्र वाया जात नाही. उबुंटू किंवा डेबियन असेल तर सॉफ्टवेअर सोर्समध्ये सोर्स कोडच्या रिपॉझिटरी सुरू कर आणि लिब्रेऑफिसचं ‘बिल्ड-डेप’ चालव. लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी एका फटक्यात येतात. मग ‘ऑटोजेन’, मग ‘मेक’, आणि जेवून झोप. तुझ्या मशिनवर पहिला बिल्ड रात्रभराचा आहे. मध्ये वीज गेली तर घाबरू नकोस. पुन्हा ‘मेक’ दिलास की जिथे थांबलं तिथून पुढचंच बनतं. एक फाइल अर्धवट लिहिली गेल्यामुळे विचित्र चूक आलीच, तर तेवढी फाइल पुसून परत चालव. सगळं ‘मेक क्लीन’ करायची सवय मात्र लावू नकोस. मुलं प्रत्येक अडचणीवर तेच करतात आणि दर वेळी नव्याने पहिल्या पायरीवर येतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लोन करत असशील तर आणखी एक. पूर्ण इतिहासासकट ही रिपॉझिटरी काही जीबींची आहे आणि गिटचा क्लोन मध्ये तुटला की पुन्हा शून्यातून सुरू होतो. आधी ‘डेप्थ एक’ देऊन फक्त आजची अवस्था उतरव. नंतर कॉलेजच्या वायफायवर ‘फेच अनशॅलो’ने उरलेला इतिहास आण. इतिहास आण मात्र नक्की, कारण या कोडमध्ये कुठली ओळ कुणी, कधी बदलली हे दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’शिवाय तुझं पान हलणार नाही. आणि पहिलं काम लिनक्सवरच कर. विंडोजवरही बिल्ड होतो, पण त्याची जुळवाजुळव हाच एक वेगळा अभ्यास आहे.

बिल्ड झाला की ‘इन्स्टडिर’मधल्या ‘प्रोग्रॅम’ फोल्डरमधून ‘एसऑफिस’ उघड. समोर येणारा रायटर तू बनवलेला आहे. आता त्यातला एक मेनूचा शब्द बदल, त्या मॉड्यूलपुरतं ‘मेक’ चालव आणि शब्द खरंच बदलतो का बघ. हा बदल कुठे पाठवायचा नाही. बदल, बिल्ड, बघणं ही फेरी तुझ्या मशिनवर किती मिनिटांची आहे ते त्यातून कळतं. ती पाच मिनिटांच्या आत आली तरच काम होतं.

आता गिटहब. तिथली लिब्रेऑफिसची रिपॉझिटरी नुसता आरसा आहे. पुल रिक्वेस्ट तिथे घेतच नाहीत. कोड जातो तो गेरिटमधून, म्हणजे पॅच तपासून आत घेण्याच्या वेबसाइटवरून. गेरिटवर खातं काढ, तुझी एसएसएच की दे, आणि सोर्समध्येच असलेली ‘लॉगेरिट’ नावाची स्क्रिप्ट ‘सेटअप’ म्हणून एकदा चालव. ती कमिट करताना चालणारा हुक बसवते, आणि त्या हुकमुळे प्रत्येक कमिटच्या संदेशाखाली ‘चेंज-आयडी’ची ओळ येते. ही ओळ नीट समजून घे, कारण गिटहबवर शिकलेली मुलं नेमकी इथे घसरतात. गिटहबवर रिव्ह्यूमध्ये दुरुस्ती सांगितली की आपण वर आणखी एक कमिट चढवतो. गेरिटमध्ये एक बदल म्हणजे एकच कमिट. दुरुस्ती त्याच कमिटमध्ये ‘अमेंड’ करायची, चेंज-आयडीला हात लावायचा नाही, आणि परत पाठवायचं. मग तो त्याच पॅचचा पुढचा संच म्हणून लागतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दोन संचांमधला फरक तेवढाच दिसतो. वर नवीन कमिट चढवलास तर तो वेगळा पॅच होतो, पहिला तसाच लोंबकळत राहतो.

सोबत लायसन्सचं एक निवेदन द्यावं लागतं: तुझं आजवरचं आणि यापुढचं योगदान एमपीएल आणि एलजीपीएल या दोन्ही लायसन्सखाली वापरायला तुझी हरकत नाही, असं डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर एका मेलने लिहायचं. एकदाच. हे नसेल तर पॅच कितीही चांगला असला तरी आत घेत नाहीत. इंटर्नशिप किंवा नोकरी सुरू असेल तर हा मेल पाठवायच्या आधी तुझ्या करारात कोडच्या मालकीबद्दल काय लिहिलंय ते वाच.

कोड उघडलास की पहिल्यांदा गोंधळशील, कारण हे घर जुनं आहे. स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचं स्टारऑफिस, ते सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं, त्याचं ओपनऑफिस झालं, आणि 28 सप्टेंबर 2010 ला त्यातून लिब्रेऑफिस वेगळं निघालं. त्या वंशावळीच्या खुणा अजून नावांत आहेत. रायटरचं मॉड्यूल ‘एसडब्ल्यू’ म्हणजे स्टाररायटर, कॅल्कचं ‘एससी’ म्हणजे स्टारकॅल्क, इम्प्रेस आणि ड्रॉचं ‘एसडी’ म्हणजे स्टारड्रॉ. कोडमधल्या टिप्पण्या कित्येक वर्षं जर्मनमध्ये होत्या. लोकांनी एकेक करून त्या इंग्रजीत आणल्या, आणि त्या शोधून काढायला एक स्क्रिप्टही लिहिली गेली. अनेकांचं पहिलं योगदान एवढंच होतं. अख्खा कोड समजून घ्यायचा प्रयत्न करू नकोस, तो कुणालाच समजलेला नाही. तुझ्या बगची एक वाट तेवढी शोध.

ती वाट बहुतेक वेळा पडद्यावर दिसणाऱ्या शब्दापासून सुरू होते. डायलॉगवरचं वाक्य घे, ‘गिट ग्रेप’ने शोध, ते ज्या फाइलमध्ये सापडेल तिथला आयडी घे, आणि तो आयडी पुन्हा ग्रेप कर. दोन-तीन उड्यांत त्या बटणामागचं फंक्शन हाती येतं. एकच शब्द पन्नास ठिकाणी सापडत असेल तर बिल्डच्या भाषांमध्ये ‘क्यूटीझेड’ जोड. ही खरी भाषा नाही. ती निवडली की प्रत्येक शब्दाला त्याची खूणगाठ चिकटलेली दिसते आणि नेमका शब्द कुठला ते कळतं.

बगांवरच्या नावांचं काय? बगझिला या बग नोंदवण्याच्या साइटवर सोप्या कामांना ‘ईझीहॅक’ ही खूण असते. नाव लागलेलं असलं तरी शेवटची हालचाल कधीची आहे ते बघ. काही महिने काहीच झालेलं नसेल तर खाली विनम्रपणे विचार: अजून यावर काम चालू आहे का, नसेल तर मी घेऊ का? काही ईझीहॅक असेही असतात की तीच एक सुधारणा शेकडो फाइलींमध्ये करायची असते. ते कुणा एकाचे नसतात, त्यातली दोन-तीन फाइलींची फोड घेऊन पाठवता येते. तू मात्र नुसते टायपो काढून पॅचची संख्या वाढवू नकोस. 2020 च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टीशर्ट देणाऱ्या उपक्रमात, त्या टीशर्टसाठी रीडमीत एखादा शब्द बदललेल्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले, आणि ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढेच धरायचं ठरलं. ते सगळं निस्तरत बसले ते फावल्या वेळात प्रकल्प सांभाळणारे लोक. त्या आठवणी अजून ताज्या आहेत.

माझं मत विचारशील तर यादीतून बग निवडूच नकोस. तुला स्वतःला जो त्रास होतो तो घे. आणि इथेच तुझ्या मराठीचा प्रश्न येतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

रायटरमध्ये अक्षराचे पाच गुण प्रत्येकी तीनदा साठवलेले असतात: फॉन्ट, आकार, ठळकपणा, तिरपेपणा आणि भाषा. एकदा पाश्चात्य लिपींसाठी, एकदा चिनी-जपानी-कोरियनसाठी, आणि एकदा ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे देवनागरी, अरबी, तमिळ वगैरे लिपींसाठी. कोडमध्ये ठळकपणाच्या गुणाची तीन नावं आहेत: एक साधं, एक ‘सीजेके’ लावलेलं, एक ‘सीटीएल’ लावलेलं. अधोरेखन मात्र एकच, सगळ्यांना सारखं. आता कुणी नवी सोय लिहिली आणि तिन्हींपैकी फक्त साध्या नावाला हात लावला, तर काय होईल? इंग्रजी शब्द ठळक होईल आणि त्याच ओळीतला मराठी शब्द तसाच राहील. लिहिणाऱ्याने इंग्रजी मजकुरावर तपासलेलं असतं, त्याला यातलं काहीच दिसत नाही.

हे मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या दिवसांत मी एका डायलॉगमधली ठळक अक्षरांची चूक दुरुस्त केली, टेस्ट लिहिली, टेस्ट पास झाली, पाठवून दिली. रिव्ह्यूमध्ये एका ज्येष्ठ डेव्हलपरने एकच ओळ लिहिली: उरलेल्या दोघांचं काय? मी बसल्या जागी त्या डायलॉगमध्ये ‘पुणे’ टाइप केलं. ठळक झालं नाही. दिवसभर मराठीत लिहिणारी मी, आणि माझ्या टेस्टमध्ये ‘हॅलो वर्ल्ड’ होतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक टेस्टमध्ये एक देवनागरी ओळ असते, आणि दुसऱ्यांचे पॅच बघतानाही मी पहिल्यांदा तीच टाकून बघते. या एका सवयीतून मला जितके बग सापडले तितके कुठल्या यादीतून सापडले नाहीत.

दुसरी जागा म्हणजे अक्षरांची मोजणी. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर यूटीएफ-16 मध्ये असतो. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. आत ती पाच आहेत: म, र, काना, ठ, वेलांटी. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर; आत चार: क, पाय मोडण्याची खूण, ष, वेलांटी. जिथे कोड एक जागा म्हणजे एक अक्षर असं धरून मजकूर तोडतो, तिथे तुकडा मध्येच कापला जातो आणि वेलांटी एकटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. मजकूर आखडता घेणं, पहिलं अक्षर मोठं करणं, शोधलेला शब्द रंगवणं, अशा ठिकाणी मुद्दाम तपास. बरोबर तोडण्यासाठी ‘ब्रेक इटरेटर’ नावाची सोय कोडमध्ये तयार आहे, त्यामुळे दुरुस्ती बहुधा चार-सहा ओळींची असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक इंग्रजी बोलणारा किंवा जर्मन डेव्हलपर डोळ्यांनी ओळखू शकत नाही. नुसता स्क्रीनशॉट टाकून ‘चुकीचं दिसतं’ लिहिलंस तर त्याला काय चुकलं ते कळणार नाही. कोणत्या क्रमाने कोणते युनिकोड टाकले, काय दिसायला हवं, काय दिसतं, कुठला फॉन्ट, हे चारही लिही. फॉन्ट बदलून बघायला विसरू नकोस; अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ ही लायब्ररी फॉन्टमधल्या नियमांवरून करते, त्यामुळे दोष फॉन्टचाच निघण्याची शक्यता असते आणि मग तो बग लिब्रेऑफिसचा राहत नाही.

मेनूंचं मराठी खटकत असेल तर त्याला कोड लागतच नाही, भाषांतर वेब्लेट या साइटवर चालतं.

एखादी गोष्ट आधी चालायची आणि आता चालत नाही असं असेल तर कोड वाचायच्या आधी ती केव्हा बिघडली ते शोध. तयार बनवलेल्या आवृत्त्या गिटमध्ये ओळीने रचून ठेवलेल्या असतात, त्याला ‘बायबिसेक्ट’ म्हणतात. मधली आवृत्ती उघडायची, चूक आहे की नाही सांगायचं, उरलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करायचा. हजार कमिट असले तरी दहा पायऱ्यांत नेमका कमिट सापडतो, आणि प्रत्येक पायरीला बिल्ड करावा लागत नाही. तुला दुरुस्ती जमली नाही तरी हा एक कमिट बगखाली लिहिलास तर ज्याने तो केला त्याच्यापर्यंत गोष्ट पोचते. आठ जीबीच्या लॅपटॉपवरून करता येण्यासारखं हे फार मोलाचं काम आहे.

बदल लिहिताना आजूबाजूचा कोड सुंदर करत बसू नकोस. तुझ्या एडिटरने फाइल उघडताच सगळ्या ओळींमधली मोकळी जागा बदलली असेल तर ते आधी परत फिरव. तीन ओळींच्या दुरुस्तीभोवती चारशे ओळींचा फरक दिसला की रिव्ह्यू करणारा पान मिटतो, आणि ते रास्तच आहे. कमिटच्या पहिल्या ओळीत ‘टीडीएफ’, हॅशचं चिन्ह, बगचा क्रमांक आणि पाच-सात शब्दांत काय केलं. एक ओळ मोकळी सोडून खाली का केलं: चूक कशी दिसत होती, कारण काय निघालं, हाच उपाय का निवडला. काय बदललं ते फरकात दिसतंच. ‘का’ फक्त तुझ्या डोक्यात आहे, आणि दहा वर्षांनी कुणीतरी ‘गिट ब्लेम’ करून तिथेच ते शोधणार आहे. मी स्वतः अशाच जुन्या संदेशांवरून मार्ग काढत आले.

टेस्ट दे. आधी दुरुस्तीशिवाय चालव आणि ती खरंच नापास होते का बघ, मग दुरुस्तीसकट. नापास होताना न बघितलेली टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. पाठवायच्या आधी सगळ्या टेस्ट चालवायला तुझ्या मशिनला फार वेळ लागेल, म्हणून निदान त्या मॉड्यूलच्या तरी चालव. बाकीचं काम जेन्किन्स करतं: तुझा पॅच लिनक्स, विंडोज, मॅक अशा वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बघतं. तिथे लाल दिसलं तर लॉग उघड. कधीकधी चूक तुझ्या पॅचची नसते, एखादी टेस्ट मुळातच डळमळीत असते. पण हे लॉग वाचून ठरव, अंदाजाने नको.

आत जायला दोन गोष्टी लागतात: जेन्किन्सचा हिरवा शेरा आणि अधिकार असलेल्या कुणाचा तरी ‘प्लस टू’, म्हणजे मंजुरी. यात दोन दिवस जातील किंवा दोन आठवडे. त्या फाइलवर अलीकडे कुणी काम केलंय ते ‘गिट लॉग’वरून बघ आणि त्यांना रिव्ह्यूअर म्हणून जोड, पन्नास जणांना नको, दोघे पुरे. आठवडाभर काहीच आलं नाही तर पॅच आजच्या मुख्य ब्रँचवर रिबेस कर, म्हणजे ताज्या कोडवर नव्याने बसव, आणि एका ओळीत आठवण कर. रिव्ह्यूमधल्या टिप्पण्या कोरड्या वाटतात. बरेच जण आपली नोकरी सांभाळून हे करतात, आणि त्यांची मातृभाषाही इंग्रजी नसते. प्रत्येक टिप्पणीला उत्तर दे: केलं, किंवा हे मी या कारणासाठी केलं नाही. पटलं नाही तर तसं लिही, फक्त कारण दे. मला पटलेलं नसताना मुकाट्याने बदललेल्या दोन ठिकाणी पुढे बग निघाले.

मर्ज झाल्यावर तुझा बदल मुख्य ब्रँचमध्ये जातो आणि फेब्रुवारी किंवा ऑगस्ट, जी मोठी आवृत्ती पुढे असेल तिच्यात लोकांच्या हाती येतो. दुरुस्ती छोटी आणि निर्धोक असेल तर चालू आवृत्तीच्या ब्रँचवरही घेण्याची विनंती करता येते. गेरिटमध्येच ‘चेरी पिक’चा पर्याय आहे, पण तिथे रिव्ह्यू अधिक कडक असतो. बगझिलावर बगची अवस्था बदलली आहे का बघ, आणि ज्याने तो नोंदवला त्याला रोजच्या बिल्डवर तपासून बघायला सांग. नोंदवणारा एखाद्या तालुक्याच्या ऑफिसात बसून अर्ज टाइप करणारा असू शकतो. माझ्या एका दुरुस्तीवर असंच उत्तर आलं होतं, रोमन लिपीतल्या मराठीत: आता जोडाक्षर तुटत नाही.